बेड्यावरचा बुढा

बेड्यावरची गोठ इचाराची असंल तं मले इचारा, पेपरवाल्याइले नका इचारू. माही चहाची टपरी टाकळझरीच्या पोलीस चौकीच्या बरोबर समोर आहे. कारंज्याकडं जाणारे ट्रकवाले इथं थांबतात, शिपाई इथंच चहा पेतात, अन् बेड्यावरून उचलून आणलेल्या माणसाइले चौकीत कोंबताना मी माह्या स्टोव्हपाशी बसून पाहत आली. टपरीत बाबासाहेबाचा फोटो आहे अन् वेगळा कप नाई. माह्या बापानं जल्मभर लोकाच्या ओसरीखाली उभं राहून करवंटीत चहा पेला. म्हणून मी पहिल्याच दिवशी ठरवलं, इथं सगळ्याइले एकच कप. ज्याले चालते त्यानं प्यावा, नाई त्यानं पुढं जावं. जे पुढं गेले त्याइच्यावाचून माहं काही अडलं नाई.

बेडा म्हणजे पारध्याइची वस्ती. नाल्याच्या पल्याड, बाभळीत. पहिले हे लोक फासे लावून तितर-बटेर धरत. मंग जंगल आटलं, तं कापूस वेचाले जाऊ लागले, संत्र्याच्या बगीच्याची राखण करू लागले. राखण करणारे तेच, अन् कुठं चोरी झाली तं चोरही तेच. इंग्रजानं या अख्ख्या जातीले कागदावर चोर लिहून ठेवलं होतं. स्वराज्य आलं, तो कायदा गेला, पण ठाण्यातल्या लोकाइच्या डोस्क्यातून काही गेला नाई.

एकदा निवडणुकीच्या टायमाले एक पुढारी आला. म्हणे, बेड्यावरच्या सगळ्यात बुढ्या माणसाच्या गळ्यात हार घालाचा आहे, फोटो काढाचा आहे, मीराबाई, तुमी संगं चाला. मी गेली. अख्खा बेडा फिरलो. बुढ्या बाया दारोदारी बसलेल्या, पण बुढा एकही नाई. शेवटी तानबा नावाच्या माणसाले पुढं केलं. त्याचे केस काळेभोर, दात शाबूत. पुढारी म्हणे, याच्याहून मोठा कोणी नाही का? बायाइनं एकमेकीकडं पाह्यलं अन् मान हलवली. त्यानं तानबाच्याच गळ्यात हार घातला अन् गेला. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन जेवली नाई. इतके दिवस समोर बसून पाहून राह्यली होती, पण हे काही डोस्क्यात आलं नव्हतं.

बुढे गेले कुठं? वाघानं नाई खाल्ले. कुठं विहिरीवरची मोटर गेली, कुठं बैल गेला, तं जीप येते. काहीच नाई गेलं अन् नुसता पोळा जवळ आला, तरी येते. पोळ्याच्या आधी चार पारधी आत घातले का ठाणेदाराले निवांत झोप लागते. जमानत द्याले कोणी नाई, म्हणून तारखेवर तारीख. आत एका खोलीत कोंबून कोंबून माणसं, एकाचा खोकला साऱ्याइले. वरसा-दोन वरसानं कोर्ट म्हणे, पुरावा नाही, सोडा. सुटून येत, पण छाती तिथंच ठेवून येत. घरी येऊन खोकत खोकत मरत. चाळिशी पाहणारा नशीबवान. त्यात जिल्ह्यात दारूबंदी लागली, अन् मोहाची दारू धुंडाच्या नावानं जीप डबल याले लागली.

चिंधू पवार या सगळ्याइत हसरा. नत्थूजी म्हणून एक बगायतदार, त्याच्या संत्र्याच्या बगीच्यात राखणदार होता. तितराचा आवाज असा काढे का ट्रकवाले उतरून झुडपात पाहाले जात. त्याची बायको शकुबाई. हडकुळी, बुटकी, बोलणं थोडं, पण एकदा धरलं का सोडत नव्हती. चिंधूचा बाप जेलातून येऊन मेला तवा चिंधूले मिसरूड फुटत होतं. त्याचे दोन मोठे भाऊही त्याच रस्त्यानं गेले. चिंधूची पाळी अठ्ठ्याहत्तर साली आली. कोणाची तरी मोटर चोरीले गेली. नत्थूजी सोता ठाण्यात जाऊन म्हणे, "साहेब, तो माह्या बगीच्यात होता, मी पाह्यला." ठाणेदारानं नत्थूजीले खुर्ची दिली, चहा पाजला अन् वापस पाठवलं. चिंधू वरसाच्या वर आत राह्यला. मंग सुटला. पुरावा नाई.

आला तवा मी त्याले ओळखलं नाई. गालाची हाडं वर आलेली. बाकड्यावर बसून खोकला, अन् खोकून झाल्यावर बाहीनं ओठ पुसले, ते रगत मी पाह्यलं. माहं तोंड असं आहे का मले गोड बोलता येत नाई. मी म्हटलं, "तुले टीबी आहे. रगत पडून राह्यलं अन् तू इथं चहा पेतं? ऊठ, दवाखान्यात जा."

तो म्हणे, "बाई, आमच्याकडं खोकला हा जेलाचा राह्यते. त्याले दवा नाई."

"तुह्या बापाले कोणी सांगतलं नाई म्हणून नाई," मी म्हटलं. अन् शकुबाईले निरोप धाडला.

तिनं त्याले तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यात माणूस भाकर खाऊ लागला. मंग पोळा आला. आगाऊ म्हणून चार जण उचलले, त्यात चिंधू. गोळ्याइची डबी घरी आढ्याले टांगलेली अन् माणूस आत. सुटून आला तवर पुन्हा रगत. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अन् दुसऱ्यांदा तुटलं ते पोलिसानं नाई, पळण्यानं.

ते पळणं सांगाले पाहिजे. बेड्यावर रीतच होती. जीपचा आवाज आला का पहिली ऐकणारी बाई तितरासारखी ओरडे. ते ऐकलं का बेड्यावरचा प्रत्येक माणूस, हातात घास असला तरी टाकून, बाभळीतून पसार. मंग आठ-आठ, दहा-दहा दिवस जंगलात. बाया लपून भाकरी नेत. पोलीस बेड्यावर येत, झोपड्या उचकत, नाव घेऊन इचारत, अमका कुठं आहे? अन् बायाइचं एकच उत्तर ठरलेलं: मेला. जिता असो, चुलीमागं दडलेला असो, तो मेला. पोलीस कधी कधी मानतही. मानणार नाई तं काय, खरोखर मरतच होते ना.

दुसऱ्यांदा औषध तुटलं तवा दवाखान्यातला डॉक्टर शकुबाईवर चिडला. नवा पोरगा होता, पण मनाचा साफ. तो म्हणाला, "आता शेवटची वेळ. दीड वर्ष, एकही दिवस खाडा नाही. यावेळी मध्येच सुटलं तर ही औषधं त्याला लागू पडणार नाहीत, आणि माझ्याकडे दुसरं औषध नाही." शकुबाईनं मान डोलवली. औषध सुरू केलं. अन् बारा-पंधरा दिवसातच कुठंतरी बकऱ्या गेल्या, जीप फिराले लागली, अन् चिंधू पुन्हा जंगलात गेला. संगं नेलेल्या गोळ्या सरत आल्या तरी नव्या न्याले तो दवाखान्यात पोचला नाई.

मंग त्या डॉक्टरनं काय करावं? सोताच औषध घेऊन बेड्यावर आला. चांगलाच होता बिचारा. पण आला सरकारी जीपमधून. जीप पोलिसाची असो का दवाखान्याची, इंजिनाचा आवाज एकच. एका बाईनं तितराचा आवाज काढला अन् चिंधू, जो त्याच दिवशी जंगलातून घरी आलता, तो पुन्हा पसार. डॉक्टर उतरला, इचाराले लागला, "चिंधू पवार कुठे राहतो?"

अन् शकुबाई, त्याची लगनाची बायको, हातात बांगड्या, कपाळाले कुंकू, दारात उभी राहून म्हणाली, "मेला."

डोक्याले रुमाल बांधलेला डॉक्टर तिनं ओळखलाच नाई. दवाखान्यात तो पांढऱ्या कोटात राहे. जीप पाह्यली, पॅन्ट पाह्यली, तोंडातून निघून गेलं. डॉक्टरनं मान खाली घातली, दोन शब्द बोलला अन् औषधाची पिशवी जशीच्या तशी वापस घेऊन निघाला.

माह्या टपरीवर थांबला तवा त्याचं तोंड उतरलेलं. मी चहा दिला. ड्रायव्हर म्हणे, "बेड्यावरचा पेशंट गेला, म्हणून साहेबाचा मूड नाही."

"कोणता पेशंट?"

"चिंधू पवार."

मी म्हटलं, "मेला? अवो, सकाळी अंधारातच, शिपाई उठाच्या आधी, याच बाकड्यावर चहा पेऊन गेला तो. पैसे राह्यले म्हणून मीच बोंबलली त्याच्या मागं. भूत असंल तं माह्या टपरीवर उधारीनं चहा पेणारं पहिलंच भूत."

डॉक्टर म्हणाला, "त्याच्या बायकोनंच सांगितलं."

"बायकोच्या हातात बांगड्या होत्या का नाई?"

त्यानं हातातला कप खाली ठेवला. मी स्टोव्ह बंद केला, त्याले म्हटलं, "तुमी इथून हलाचं नाई, मी आली," अन् पदर खोचून बेड्याकडं निघाली. रस्ताभर मले शकुबाईचा असा राग आलता का काय सांगू. पण तिच्या दारात पोचली अन् म्हटलं, "शके, तू ज्याले मेला म्हणून सांगतलं तो दवाखान्याचा डॉक्टर होता. औषध घेऊन आलता," तं ते बाई भिंतीले टेकून खालीच बसली. तिनं रडावं म्हणून मी थांबली. रडली नाई.

"मीच मारला त्याले," ती म्हणाली. "पोलिसाच्या आधी मीच मारला."

"अजून नाई मेला. डॉक्टर माह्या टपरीवर बसून आहे. चाल."

ती चालली. डॉक्टरपाशी गेली, हात जोडले नाई का पाया पडली नाई. म्हणाली, "तो जिता आहे. औषध द्या. आता खाडा होणार नाई."

डॉक्टरनं इचारलं, "कशावरून? पुन्हा जीप आली की पुन्हा पळेल."

"नाई पळणार."

तिथं उभी असताना तिची नजर कुठं होती ते मी पाह्यलं. समोर चौकीच्या पायरीवर.

दुसऱ्या दिवशी बेड्यावर मोठं भांडण झालं. मी गेलती, म्हणून सांगते. शकुबाई म्हणाली, मी रोज सकाळी माह्या माणसाले चौकीच्या पायरीवर नेऊन जमादारासमोर गोळ्या देणार. रोज. तिची सासू रुख्माबाई डोळ्यानं अधू, पण कान तिखट. ते उठून उभी राह्यली.

"हाजिरी? वं शके, माहा सासरा रोज सांजच्याले चौकीत जाऊन आंगठा देत होता. पोरीच्या लग्नाले परगावी जाता नाई आलं त्याले. ते हाजिरी मेली तवा आमी बेड्यावर गूळ वाटला होता. तू आता जिती करून राह्यली?"

"तवा ते बलावत होते, आत्याबाई. आता मी सोताहून जाऊन राह्यली."

"फरक काय पडते?"

"ते दीड वरसानं पाहू."

तानबा म्हणे, "अवं, वाघाच्या तोंडात नेऊन देतं का माणसाले? दुसऱ्याच दिवशी आत टाकतील." त्याचं खोटं नव्हतं. मलेही भेव वाटून राह्यलं होतं. चिंधू खाटेवर बसून सगळं ऐकत होता. त्याचा रंग उडालेला. तो म्हणे, "शकू, चौकीच्या पायरीवर माहे पाय टिकत नाई. आपोआप पळतात."

शकुबाई म्हणाली, "तं उभा नको राहू. बसून घे."

पहिल्या सकाळी ते दोघं आले तवा जमादार प्रभाकरराव तोंडात दातून धरून ओसरीत उभा होता. हा जमादार काही राक्षस नव्हता. पोटाच्या दुखण्यानं बेजार, बदल्याइनं बेजार, कोणी सांगतलं तं मारणारा, नाई सांगतलं तं न मारणारा. त्यानं चिंधूले आपल्या पायानं येताना पाह्यलं अन् दातून खाली पाडलं.

"काय आहे रे?"

शकुबाई म्हणाली, "गोळ्या खाले आलो, साहेब."

"हा काय दवाखाना आहे?"

"नाई. पण बेड्यावर राह्यला तं तुमी उचलता. जंगलात गेला तं गोळ्या राहतात. म्हटलं तुमच्यासमोरच खाऊ. तुमाले तो पाहिजे राह्यते ना? घ्या पाहून, रोज."

"चल, निघ इथून."

ते वरच्या पायरीवरून उतरून खालच्या पायरीवर बसले. मी रस्ता ओलांडून पाण्याचा गिलास नेला. चिंधूनं अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. पण गोळी गिळली. प्रभाकरराव माह्यावर डाफरला, "मीराबाई, तुम्हाला काय धंदा नाही?" मी म्हटलं, "हाच धंदा आहे, साहेब. पाणी द्याचं अन् चहा द्याचा. तुमाले कोणता देऊ?"

दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्याही. एक दिवस मोठ्या ठाण्याचा माणूस येणार होता म्हणून प्रभाकरराव ताणात होता. त्यानं शकुबाईच्या हातची डबी हिसकली अन् रस्त्यावर भिरकावली. गोळ्या धुळीत पसरल्या. एक ट्रक येऊन राह्यला होता. शकुबाई रस्त्यात गेली, हात वर केला, ट्रक थांबवला अन् मंग खाली बसून एक एक गोळी वेचली. ड्रायव्हर हॉर्न मारू मारू थकला. तिनं पदरानं गोळ्या पुसल्या, डबीत भरल्या, एक चिंधूले दिली. जमादाराले ती एक शब्द बोलली नाई. मले मात्र राहवलं नाई. मी जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाई. तीन दिवस मी चौकीत चहा धाडला नाई. बिनचहाचे राहून शिपाईच जमादारावर कुरकुरले.

मंग हळूहळू सगळ्याइले सवय झाली. पायरीवर ते दोघं नसले का सकाळ झाल्यासारखी वाटेना. चिंधूच्या अंगावर मांस चढलं. तो पायरीवर बसून तितराचा आवाज काढू लागला तवा मले कळलं, का याचं भेव आता कमी झालं. एकदा पावसानं नाल्याले पूर होता, त्याइले उशीर झाला, तं प्रभाकरराव टपरीवर येऊन मले इचारते, "ते आले नाही का आज?" मी म्हटलं, "तुमाले काय कराचं? तुमचा काय दवाखाना आहे?" तो छत्री घेऊन नाल्यापर्यंत पाहाले गेला.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात, औषध सरत आलं असताना, आर्वीकडच्या एका गावात चोरी झाली. घरचे सारे सकाळी वावरात गेले अन् कोणी तरी कुलूप तोडून सोनं नेलं. मोठ्या ठाण्यात नवा ठाणेदार आलता. त्याले नाव कमवाचं होतं. दोन दिवसानं जीप सरळ बेड्यावर. तितराचा आवाज झाला, माणसं बाभळीत पळाली. तानबा पळता पळता ओरडला, "चिंधू, चाल, बे." चिंधू खाटेवर बसला होता. त्यानं खाटेचा पाया दोन्ही हातानं धरून ठेवला. शकुबाईनं मले नंतर सांगतलं, का खाट अशी हालत होती जशी खाटेलेच ताप आलता. पण तो उठला नाई.

ठाणेदारानं इचारलं, "चिंधू पवार कुठं आहे?"

शकुबाई पुढं झाली. "हा बसला. माहा नवरा आहे. टीबीचा पेशंट आहे, अन् याच्या गोळ्या माह्याजवळ आहे."

त्याइनं चिंधूले जीपमध्ये टाकलं. शकुबाई मागून चढली, तिले ढकलून दिलं. ती धावत माह्या टपरीवर आली. एक ओळखीचा सरदारजी ट्रक घेऊन उभा होता, मी त्याले म्हटलं, हिले मोठ्या ठाण्यापर्यंत सोड. ती गेली, ठाण्याच्या आवारात बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई म्हणे, औषधबिवषध चालणार नाही. ती म्हणाली, मंग पाणी तं पाजू द्या. अन् गजातून पाण्याचा गिलास दिला तवा तिच्या मुठीत गोळी होती. खाडा पडला नाई.

पण ठाणेदार त्याले कोर्टापुढं उभा करून जेलात पाठवणार होता. एकदा तिथं गेला का गोळी कोण देणार? मले सगळं दिसून राह्यलं होतं. अन् मले हेही मालूम होतं, का ज्या सकाळी चोरी झाली त्या सकाळी चिंधू कुठं होता. समोर पायरीवर. जमादारासमोर. गोळी गिळत.

मी चौकीत गेली. प्रभाकरराव टेबलाशी बसला होता. त्याले माहीत होतं मी काऊन आली. म्हणे, "मीराबाई, मी काय करू? साहेब नवे आहेत. पारधी रोज चौकीत येऊन औषध खातो, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? माझ्यावरच येईल."

"ज्या तोंडानं माह्या टपरीवर भजे खाता त्याच तोंडानं सांगा," मी म्हटलं. "काय होईल? नोकरी जाईल? गेली तं या माह्याकडं कप धुवाले. पण ते बाई वरसभराच्या वर रोज तुमच्या तोंडाकडं पाहून गोळी देते, अन् तुमी आज तोंड फिरवलं, तं तो माणूस मरन. तो मेला का मी तुमाले सांगते, जमादार साहेब, तुमची बदली झाली तरी तुमच्या दारात येऊन सांगीन, का तुमी मारला."

त्यानं टेबलावरचं रजिस्टर मिटलं. मंग त्यानं टोपी घातली. आमी दोघं एकाच यष्टीनं गेलो, तो पुढं बसला, मी मागं.

ठाणेदारासमोर प्रभाकरराव ताठ उभा राह्यला. मी दारापाशी उभी होती. "साहेब, चोरी झाली त्या सकाळी हा माणूस माझ्या चौकीच्या पायरीवर होता. मी स्वतः पाहिला. लिहून द्यायला तयार आहे."

"चौकीत? कशाला?"

"रोजच येतो साहेब. गोळ्या खायला."

"कोणाच्या हुकमानं?"

प्रभाकरराव म्हणे, "त्याच्या बायकोच्या."

ठाणेदार लालबुंद झाला. त्यानं जमादाराले जे झापलं ते बाहेर आवारातही ऐकू आलं. पण पोलिसाचाच माणूस साक्षीले उभा, तं कोर्टात उलटंच पडलं असतं. सांजच्याले चिंधूले सोडलं. जे जंगलात पळाले होते त्याइच्यातले दोघं धरले गेले, त्यात तानबा. पळाला म्हणजे चोरच, असं ठाणेदार म्हणे. तानबा आत गेला. दोन वरसानं सुटून आला तो दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन. शकुबाईनं त्याले पायरीवर आणाले लय जोर लावला. त्याले पटलं तवर टाइम गेलता. ज्याच्या गळ्यात बुढा म्हणून हार घातला होता, तो बुढा झालाच नाई. त्याचं मले अजून वाईट वाटते.

चिंधूचं औषध पूर्ण झालं. डॉक्टरनं छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला अन् म्हणाला, "डाग सुकला." शकुबाई म्हणे, "मंग आता गोळी नाई?" तो म्हणाला, "नाही." ती तिथंच बाकड्यावर बसली अन् त्या दिवशी मात्र रडली. पोटभर रडली. डॉक्टरले वाटलं काही दुखून राह्यलं. मी म्हटलं, "रडू द्या साहेब, तिले आजवर सवडच नाई भेटली."

प्रभाकररावाची बदली झाली. नवा जमादार आला, त्यानं पायरीवर माणसं पाहून कटकट केली, मंग तोही थकला. कारण तवर शकुबाईनं आणखी चौघा जणाच्या बायाइले शिकवलं होतं. सगळे वाचले नाई. दोघं वाचले. मी दोघंही मोजते.

आता एकोणनव्वद साल चालू आहे. चिंधूचे केस पांढरे झाले. टाकळझरीत पन्नाशीच्या माणसाले कोणी बुढा म्हणत नाई, पण बेड्यावर त्याच्याएवढा माणूस दुसरा नाई. गुडघे दुखतात म्हणून नत्थूजीच्या बगीच्यात आता त्याचा पोट्टा जाते. मागच्या बुधवारी चिंधू टपरीवर आला, बाकड्यापाशी घुटमळत उभा राह्यला.

"बाई, एक इचारू? हसाचं नाई."

"इचार."

"बुढा माणूस दिवसभर काय करते?"

मले वाटलं मस्करी करून राह्यला. पण त्याचं तोंड पाह्यलं तं मस्करी नव्हती.

"पोट्टे येतात, आबा म्हणतात, हे कसं करू, ते कसं करू इचारतात," तो म्हणे. "सुना पाया पडतात. मी कुठं बसाचं, काय बोलाचं, कवा चूप राहाचं, मले काही मालूम नाई. माह्या बापाले तितकं जगता नाई आलं. भावाइले नाई आलं. बेड्यावर कोणाले इचारू? बुढा झालेला माणूस मी पाह्यलाच नाई, बाई."

मी स्टोव्हले पंप मारला, उगाच मारला. मंग बाकड्यावरची धूळ फडक्यानं झटकली.

"बस," मी म्हटलं. "बुढे बसतात, चिंधू. काही नाई करत. नुसते बसतात."

तो बसला. चौकीसमोर जीप येऊन थांबली, दोन शिपाई उतरले, जीप गेली. जेवणाचा टाइम झाला तरी तो बसूनच होता.